घेवरसाठी केलेला पिंजरा

"विमानाचं सगळं माझ्यावर सोडा!" गजाननराव धोटे म्हणाले.

हे वाक्य त्यांनी याआधीही दोनदा म्हटलेलं होतं. एकदा गीझरच्या बाबतीत आणि एकदा गच्चीवरच्या टाकीच्या बाबतीत. गीझरच्या वेळी शेजाऱ्यांची वीज गेली होती आणि टाकीच्या वेळी शेजारीच काही दिवस माहेरी गेले होते. तरीही त्यांच्या पत्नी जयंतीबाईंनी या खेपेला मान डोलावली, कारण विमानाची टाकी धोटेंना उघडायला मिळणार नाही याची त्यांना खात्री होती.

गजाननराव मूळचे अकोटचे. बँकेत अधिकारी. जयपूरला बदलून आले ते मालवीय नगरात असे रमले की मुलगी कीर्ती इथेच मोठी झाली आणि घरात "मतलब" हा शब्द "म्हणजे"च्या जागी येऊन बसला. आता बढती मिळून मुंबईला बदली झाली होती, आणि बढतीबरोबर बँक विमानाचं भाडं देणार होती. धोट्यांच्या सात पिढ्यांत कुणी विमानात बसलेलं नव्हतं. एक चुलते पतंगाच्या नादात माडीवरून पडले होते, तेवढाच हवाई अनुभव.

प्रश्न होता घेवरचा.

घेवर म्हणजे कुत्रा. श्रावणातल्या तीजेच्या सणाला जयपूरच्या मिठाईच्या दुकानांत घेवरांच्या चळती लागलेल्या असतात. तशाच एका दुकानाच्या पायरीखाली तो कीर्तीला सापडला. रंग त्या मिठाईसारखाच, आकारही तसाच. गोल, तुपकट आणि मधे जरा खोलगट. खोलगटपणा पुढे भरून निघाला, बाकी सगळं वाढत गेलं.

त्याच वर्षी गजाननरावांचे वडील गेले आणि आई, द्वारकाबाई, अकोटहून जयपूरला आल्या. त्यांना हिंदी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मुलगा बँकेत, सून शाळेत शिकवायला, नात क्लासला. दिवसभर घरात दोघंच. आजी बोलायच्या आणि घेवर ऐकायचा. अंबाडीच्या भाजीत लसूण कधी घालावा, दिरानं वाटणीत विहीर कशी लाटली, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. परिणाम असा झाला की जयपुरात जन्मलेल्या या कुत्र्याला हिंदीचं अक्षर कळेना! कीर्ती ओरडायची, "घेवर, बैठ! अरे बैठ ना यार!" तो उभाच. आजी हळूच म्हणायच्या, "बस न बापा खाली," की बसला.

बदलीची बातमी ऐकून आजी एवढंच म्हणाल्या, "त्याले इथं सोडून जायचं अशीन, त मले अकोटले पोचवून दे."

अकोटच्या घराला तर कुलूप होतं. तिथे आई दिवसभर कुणाशी बोलणार, हा विचार गजाननरावांच्या मनात आला. रेल्वेत कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसावं लागतं हे कळल्यावर आजींनी रेल्वे रद्द केली होती. उरलं विमान. तेव्हा गजाननराव उठून उभे राहिले आणि ते वाक्य म्हणाले.

विमान कंपनीच्या माणसानं फोनवर नीट समजावलं. कुत्रा खाली सामानाच्या कप्प्यात जाईल, त्याच्यासाठी पिंजरा आणा, त्यात त्याला उभं राहता आणि वळता आलं पाहिजे. डॉक्टरांचा दाखला आणा. आणि हो, पिंजऱ्याची सवय करा.

"तो खाली, आपण वर," गजाननरावांनी आईला सांगितलं. "दुमजली घर समज!"

"आन् जिना?" आजींनी विचारलं.

गजाननराव पिंजरे पाहायला बाजारात निघाले.

बाजारातले पिंजरे त्यांना पसंत पडले नाहीत. त्यांचं म्हणणं, घेवर स्वयंपाकघराची कडी नाकानं उघडतो, तो विमानात बसून हात जोडून राहील होय? ते स्कूटर काढून थेट सीतापुऱ्याला गेले. तिथे रामावतार जांगिड यांचा फाटकं आणि शटर बनवायचा कारखाना होता.

"मजबूत चाहिए," गजाननराव म्हणाले.

"साहब, ऐसा बनाऊँगा कि शेर भी सोच में पड़ जाए!"

कुलपाची रचना मात्र गजाननरावांची स्वतःची. दार नुसतं ढकललं की खटका आपोआप बसणार. उघडायला चावी, आणि तीही फक्त बाहेरून. कुलपाभोवती जाड पत्र्याची वाटी, म्हणजे आतून कुत्र्याचा पंजाच काय, माणसाचा हातसुद्धा पोचणार नाही!

"आदमी का हाथ क्यों पहुँचेगा?" रामावतारजींनी विचारलं.

"तत्त्व म्हणून!" गजाननराव मराठीत म्हणाले. तत्त्वाचं बोलताना ते नेहमीच मराठीत शिरत.

पिंजरा आला तो विमानाच्या आदल्या संध्याकाळच्याही आदल्या संध्याकाळी. चार हमालांनी तो टेम्पोतून उतरवला आणि चौघंही त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. तो दारातून आत जाईना, म्हणून पोर्चमध्ये ठेवला. समोरचे शर्माजी येऊन पाहून गेले आणि आपली मुलं त्यांनी घरात घेतली.

चाव्या दोन होत्या. दोन्ही हरवू नयेत म्हणून गजाननरावांनी त्या चहाच्या डब्यात ठेवल्या. चहाचा डबा सामानात सगळ्यात शेवटी भरला जातो, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला तेव्हा जयंतीबाईंनी चहाचा डबा सगळ्यात शेवटीच भरला.

घर रिकामं झालं. चार सुटकेसा, दोन सतरंज्या आणि पिंजरा एवढंच उरलं. उद्या सकाळी विमान. गजाननरावांनी बाह्या सारल्या आणि सवय करायला घेतली.

आधी आत पेढा ठेवला. घेवरनं मान लांब केली, पेढा उचलला आणि मागचे पाय पोर्चमध्येच ठेवले. मग पेढा आणखी आत सरकवला. घेवरनं पेढ्याचा विचार सोडून दिला. कीर्तीनं कोपऱ्यावरच्या गाडीवरून उकडलेलं अंडं आणलं. जयंतीबाईंनी तोंड फिरवलं, म्हणजे परवानगी दिली. घेवरनंही तोंड फिरवलं.

"आई, तू सांग ना त्याला. तुझं ऐकतो तो."

"मी नाई सांगत," आजी सतरंजीवरून म्हणाल्या. "माह्या तोंडानं मी त्याले जेलात नाई घालत."

"अगं जेल काय! छान मोकळं आहे आत!"

"मंग तू जाय न."

"जाईन की! त्यात काय आहे!"

आणि मंडळी, गजाननराव गेले. गुडघ्यांवर रांगत आत शिरले, वळून बसले आणि बाहेर पाहून हसले. "बघ, घेवर! बघ, किती ऐसपैस! ये!"

घेवरला अख्ख्या आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. घरातला सगळ्यात गंभीर माणूस चार पायांवर आला होता! शेपूट हलवत तो धावला आणि दोन्ही पंजे उचलून त्यानं दारावर उडी घेतली.

खट्ट!

रचना उत्तम होती. खटका पहिल्याच झटक्याला बसला.

"कीर्ती, चावी आण," गजाननराव शांतपणे म्हणाले. "चहाच्या डब्यात आहे."

जयंतीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

ट्रकच्या ड्रायव्हरचा मोबाइल लागला तेव्हा ट्रक अजमेर ओलांडून पुढे गेला होता. "चाय का डिब्बा?" ड्रायव्हर म्हणाला. "मैडम, आपका डिब्बा सबसे अंदर है. चाय की इतनी ही तलब है तो मैं ढाबे से..." जयंतीबाईंनी फोन ठेवला.

रामावतारजींचा फोन लागला. कापायचं यंत्र भिंतीला बसवलेलं आहे, ते येणार नाही, पिंजरा इकडे आणा, असं ते म्हणाले. "आणि साहेब आत आहेत," हे जयंतीबाईंनी त्यांना हिंदीत सांगितलं. मग रामावतारजी म्हणाले, "देखा मैडम? मजबूत है ना!"

टेम्पोवाला यायला वेळ होता. तेवढ्यात घेवरच्या दाखल्यासाठी बोलावलेले जनावरांचे डॉक्टर आले. ठरलेली वेळ पाळणारा असा माणूस जयपुरात शोधून सापडणार नाही, आणि नेमका त्याच दिवशी सापडला. त्यांनी बॅग खाली ठेवली. पोर्चमध्ये मोकळा बसलेला कुत्रा पाहिला. पिंजऱ्यात बसलेले बँक अधिकारी पाहिले.

"जाना किसको है?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्याला! मतलब, कुत्ते को!" कीर्ती म्हणाली.

डॉक्टरांनी घेवरचे कान, दात, डोळे तपासले. दाखल्यावर सही करताना त्यांची नजर दोनतीनदा पिंजऱ्याकडे वळली. जाता जाता ते जयंतीबाईंना हळू आवाजात म्हणाले, "इनको पानी देती रहिएगा."

डॉक्टरांची स्कूटर वळते न वळते तोच फाटकाशी दोन मोटारी थांबल्या. बँकेची मंडळी! निरोपाचा समारंभ बँकेत होऊन गेला होता, पण शाखा व्यवस्थापक माथुर साहेबांना घरी येऊन साफा बांधायची इच्छा होती. हातात झेंडूचे हार, शाल, श्रीफळ आणि नारिंगी साफ्याचं लांबलचक कापड.

गजाननरावांनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरलं. पण चोरून चोरून किती चोरणार? उभं राहता आणि वळता यावं एवढीच जागा, आणि तीही कुत्र्याला.

"धोटेजी!" माथुर साहेब म्हणाले आणि थांबले.

जयंतीबाईंनी सगळा प्रकार सांगितला. बँकेच्या चौघांनी मिळून दार ओढलं. शिपायानं कुलपात हेअरपिन घातली, ती तुटून आतच राहिली. रोखपालांनी खिशातली तिजोरीची चावीसुद्धा लावून पाहिली, सवयीनं. शेवटी सगळे घामाघूम होऊन उभे राहिले.

"तो... कार्यक्रम कर लें?" माथुर साहेबांनी विचारलं.

आणि कार्यक्रम झाला! साफ्याचं कापड गजांमधून आत सोडलं आणि गजाननरावांनी ते, मान वाकडी करून, स्वतःच डोक्याला गुंडाळलं. शाल आत गेली. नारळ जाईना, तो पिंजऱ्याच्या डोक्यावर ठेवला. हार पिंजऱ्याला घातले. माथुर साहेबांनी छोटंसं भाषण केलं, त्यात "धोटेजी हमेशा बंधनों से ऊपर रहे" हे वाक्य आधीच पाठ केलेलं असल्यामुळे आलंच. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. घेवर भुंकला. गजाननरावांनी आतून हात जोडले.

टेम्पो आला तेव्हा उन्हं कलली होती. हमालांनी पिंजरा पाहिला, त्यातला माणूस पाहिला आणि "कल तो खाली था" म्हणून तक्रार केली. कसाबसा पिंजरा चढला. मागोमाग घेवरनं उडी मारली आणि तो गजांना पाठ टेकून बसला. त्याला उतरवायला गेलेल्या हमालावर तो गुरगुरला.

"बसू द्या त्याले," आजी म्हणाल्या. "बापाले एकट्याले नाई सोडत तो." आणि त्या पदर खोचून ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या. जयंतीबाई आणि कीर्ती शर्माजींच्या स्कूटरवरून मागे निघाल्या आणि पहिल्याच सिग्नलला मागे राहिल्या.

टोंक रोडवरून टेम्पो सीतापुऱ्याकडे निघाला. लोक पाहत होते. गजाननराव लोकांकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. नारिंगी साफा, खांद्यावर शाल, भोवती झेंडूचे हार, शेजारी कुत्रा. एका सिटी बसमधल्या बाईंनी खिडकीतून नमस्कार केला. गजाननरावांनीही केला. न करणं बरं दिसलं नसतं.

सीतापुऱ्यात शिरताच एका फाटकासमोर गर्दी दिसली. कपडे शिवून परदेशी पाठवणारी ती फॅक्टरी. मालकानं एके दिवशी गेटला कुलूप लावलं आणि आत पगार, बाहेर माणसं अशी वाटणी करून टाकली. तेव्हापासून शिलाईच्या बायका आणि पुरुष गेटसमोर सतरंज्या टाकून बसले होते. त्यांच्यावर लक्ष ठेवायला उभ्या असलेल्या हवालदारानं टेम्पो पाहिला आणि हात वर केला.

"किसका धरना है? परमिशन है?"

"मेरे को नहीं मालूम जी," ड्रायव्हर म्हणाला. "मैं तो भाड़े पे हूँ."

हवालदार खिडकीशी आला. "माताजी, आपकी माँग क्या है?"

आजींना बाकी काही कळलं नाही, पण आपल्याला काय पाहिजे असं हा माणूस विचारतोय एवढं कळलं. त्या तावातावानं म्हणाल्या, "चाबी! चाबी पायजे आमाले! कुलूप लावून ठेवलं, माणूस अंदर अटकला!"

सतरंज्यांवरून माणसं उठली. "चाबी" हा शब्द त्यांना ओळखीचा होता. एका उंच बाईनं पुढे येऊन पिंजरा पाहिला, साफा पाहिला, हार पाहिले, आणि मूठ उगारली.

"चाबी दो!"

"ताला खोलो!" मागून आवाज आला.

"चाबी दो! ताला खोलो!"

गजाननराव घाबरले. "भाइयो! बहनो! सुनिए! मेरा ताला अलग है!"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ताला अलग, दर्द एक!"

संपली गोष्ट! "ताला अलग, दर्द एक!" सगळा रस्ता दणाणला. फॅक्टरीच्या वरच्या खिडकीचा पडदा हलला. कुठूनसा एक वार्ताहर कॅमेरा घेऊन आला. "नाम?" त्यानं आजींना विचारलं. आजींना वाटलं कुत्र्याचं विचारतोय. "घेवर," त्या सावकाश म्हणाल्या. "घे-व-र." मग त्यानं पिंजऱ्याकडे तोंड करून विचारलं आणि गजाननरावांनी घोषणांच्या गदारोळात जिवाच्या आकांतानं आपलं नाव सांगितलं.

ती उंच बाई टेम्पोच्या कडेला पाय ठेवून वर चढली. तिनं गजांमधून पाण्याची बाटली आणि कागदात बांधलेली कचोरी आत दिली. गजाननरावांनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. खाता खाता त्यांनी विचारलं, "आपका भी ताला..."

"गेट पर है ना," ती म्हणाली. "अंदर मेरी मशीन है. बारह साल से उसी पर बैठती हूँ. अब मालिक कहता है, पहचानता नहीं." तिच्या आवाजात रडं नव्हतं. भाव विचारावा तशा आवाजात ती सांगत होती. "आप हमारे लिए इसमें बैठे हो, भाईसाब. कोई नहीं बैठता."

गजाननरावांनी उरलेली कचोरी कागदात गुंडाळली. "मी कुत्र्यासाठी बसलोय" हे वाक्य त्यांनी हिंदीत मनातल्या मनात जुळवून पाहिलं. जुळलं, पण तोंडातून निघेना. त्यांनी पाणी प्यायलं. मग एक हात गजांबाहेर काढला, मूठ वळली आणि अकोटच्या बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "चाबी दो!"

बँकेच्या अधिकाऱ्याला हे शोभतं का, हा विचार त्यांना आला खरा. पण तोवर पुढची घोषणाही देऊन झाली होती.

हवालदारानं शेवटी हात जोडले. "नेताजी, अब आगे बढ़ो. ऊपर से फोन आ रहा है." कामगारांनीच टेम्पो ढकलत रामावतारजींच्या कारखान्यापर्यंत पोचवला. तोवर जयंतीबाई आणि कीर्ती दुसऱ्या रस्त्यानं तिथे येऊन थांबल्या होत्या. नवऱ्याची मिरवणूक येताना पाहून जयंतीबाईंनी स्कूटरचा आधार घेतला.

"पप्पा, मतलब... तुम्ही काय केलं?" कीर्तीनं विचारलं.

"काही नाही," गजाननराव म्हणाले. "तू आधी हे लोखंड कापायला सांग."

पिंजरा यंत्राजवळ उतरवला, पण तो कापायचा रामावतारजींना धीर होईना. आपल्या हातचं काम! पहिलं पातं दाराच्या गजावर तुटलं, तेव्हा त्यांनी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. दुसरं तुटलं. तिसऱ्या वेळी जयंतीबाई म्हणाल्या, "भैयाजी, सुबह की फ्लाइट है," आणि मग त्यांनी मन घट्ट करून पिंजऱ्याची मागची बाजू कापली. ठिणग्या उडत होत्या आणि गजाननराव पुढच्या दाराला चिकटून, शाल तोंडावर घेऊन बसले होते.

ते मागून रांगत बाहेर आले. पाठ सरळ व्हायला बराच वेळ लागला. तेवढ्यात घेवर उठला, टेम्पोतून उतरला, त्याच भोकातून पिंजऱ्यात शिरला आणि गजाननराव बसले होते त्याच जागी जाऊन बसला. त्यानं पाहिलंच होतं की इथं बसणाऱ्याला हार मिळतात, कचोरी मिळते आणि शेकडो माणसं त्याच्याशी बोलतात.

"झाली सवय!" गजाननराव म्हणाले.

मागच्या बाजूला रामावतारजींनी नवं छोटं दार बसवलं आणि त्याला बाहेरून साधी कडी लावली. गजाननरावांनी ती तीनदा लावून उघडून पाहिली.

सकाळी विमानतळावर सगळे वेळेत पोचले. हातगाडीवर पिंजरा, दोरीला घेवर, आजींच्या हातात घेवरची वाटी. काउंटरवरच्या तरुणानं पिंजरा वजनाच्या काट्यावर ठेवायला सांगितला. काटा जो गेला तो परत आलाच नाही.

"सर, ये नहीं जाएगा."

"का? मतलब, क्यों?"

"सर, कुत्ता जाएगा. पिंजरे के लिए अलग जहाज़ लगेगा."

आजींना भाषा कळली नाही, पण त्याची हलणारी मान कळली. त्यांनी वाटी छातीशी धरली. मुलाकडे पाहिलं नाही. आपण काय करायचं ते त्या ठरवून बसल्यासारख्या दिसत होत्या, आणि तेच गजाननरावांना पाहवेना.

"अरे, तो शांत बसतो बघा आत! बसतो म्हणजे बसतो!" त्यांनी कडी काढली. "घेवर, चल आत!"

घेवर हलला नाही.

"आई, आता तरी सांग."

आजी खाली वाकल्या. "जाय न बापा अंदर," त्या हळूच म्हणाल्या. "मी वरच हावो तुह्या."

घेवरनं आजींकडे पाहिलं. मग पिंजऱ्याकडे. मग मान वळवून गजाननरावांकडे पाहिलं आणि वाट पाहत बसला. काल शिकवलं होतं तेवढं तो पक्कं शिकला होता. आधी बापानं जायचं, मग आपण.

गजाननरावांनी आजूबाजूला पाहिलं. रांगेत सुटाबुटातली माणसं होती, परदेशी पाहुणे होते. त्यांच्या अंगात प्रवासासाठी शिवलेला नवा कोट होता. त्यांनी कोट काढून जयंतीबाईंच्या हातात दिला. "कडी धरून उभी राहा," एवढंच म्हणाले आणि रांगत आत शिरले.

घेवर शेपूट हलवत मागोमाग आत! दोघंही आतून काउंटरवरच्या तरुणाकडे पाहू लागले.

त्याच वेळी दारावरचा सुरक्षा जवान धावत आला. त्याच्या बगलेत सकाळचं वर्तमानपत्र होतं. त्यानं पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, ये तो वही हैं! सीतापुरा वाले! सर, नेताजी यहाँ भी बैठ गए!"

काउंटरवरचा तरुण पांढरा पडला. आतून एक साहेब आले, त्यांच्यामागून दुसरे आले. फोन झाले. "धरना" हा शब्द तीनदा ऐकू आला. मोठे साहेब पिंजऱ्याशेजारी उकिडवे बसले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "नेताजी, आपकी क्या माँग है?"

गजाननरावांनी घेवरच्या मानेवर हात ठेवला. "यह कुत्ता मुंबई जाएगा," ते म्हणाले. "बस्."

"सिर्फ़ इतना?"

"आणि वजनाचं जास्त लागेल ते मी भरतो!" गजाननराव मराठीत ओरडले. तत्त्वाचा प्रश्न होता.

विमान कंपनीचा स्वतःचा एक हलका पिंजरा आतून धावत आणला गेला. तो कोणत्या तरी अधिकाऱ्याच्या कुत्र्यासाठी ठेवलेला होता म्हणे. गजाननराव त्यात आधी डोकं आणि एक हात घालून आले, तेवढ्यावर घेवरचं समाधान झालं. तो आत गेला, एकदा गोल फिरला आणि बसला. रामावतारजींचा पिंजरा तिथेच विमानतळावर राहिला. तो हलवायला माणसं मिळेनात.

विमान वर उठलं तेव्हा गजाननरावांनी डोळे घट्ट मिटून खुर्चीचे हात धरले होते. आजी खिडकीशी होत्या. त्या जराही घाबरल्या नव्हत्या. पायाखालच्या गालिच्याकडे पाहून त्या मधूनमधून बोलत होत्या. "हे पाह्य बापा, ढग आले. तुले दिसत नसतीन. कापसाच्या गंजीवानी हायेत अगदी."

कीर्तीनं एअर होस्टेसकडून हिंदी पेपर मागून घेतला. तिसऱ्या पानावर फोटो होता. पिंजरा, साफा, गजांबाहेर आलेली मूठ, पुढे घेवर. बातमीत म्हटलं होतं की या अनोख्या आंदोलनानंतर मालकांनी रात्रीच बोलणी केली आणि आज सकाळी गेट उघडायचं कबूल केलं.

गजाननरावांनी डोळे उघडले. ती उंच बाई आता मशीनवर बसली असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि विमानाची भीती जरा कमी झाली. त्यांनी कोटाची कॉलर नीट केली.

"नाव छापलंय का ग माझं?"

"छापलंय ना," कीर्ती म्हणाली आणि फोटोखालची ओळ वाचून दाखवली. "'अपने वफ़ादार साथी घेवर के साथ मज़दूर नेता गजाधर गोटे.'"

गजाननरावांनी पेपर हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली.

"घेवरचं बरोबर आहे," जयंतीबाई म्हणाल्या.